जुन्या लॅपटॉपाचा जीर्णोद्धार

आमच्या कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगरांत जो कोणी एकदां फिरून आला असेल, त्याच्या एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तेथें इंजिन जुनें झालें म्हणून कोणी तें लगेच भंगारांत घालीत नाहीं. सिलिंडर झिजला असेल तर तो बोअर करितात, नवा पिस्टन व नव्या रिंगा बसवितात, आणि तेंच इंजिन पुन्हां एखाद्या विहिरीवर पाणी ओढूं लागतें. माझे मामा तेथें एका कारखान्यांत फिटर आहेत. ते म्हणतात, "यंत्र बिघडलें असें लोक म्हणतात, तेव्हां बहुधा त्याचा एखादाच भाग बिघडलेला असतो. तो कोणता हें शोधून काढणें, एवढेंच आमचें काम." हें बोलणें लोखंडी इंजिनाप्रमाणेंच घरांतील संगणकासहि लागू पडतें, असा अनुभव मला गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आला. तो अनुभव, आणि त्या ओघांत जुन्या लॅपटॉपावर पेनड्राइव्हच्या साह्यानें नवी प्रणाली कशी बसवावी याची माहिती, माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींस उपयोगी पडेल अशा आशेनें येथें देत आहें.

ह्या लॅपटॉपाची हकीगत अशी. माझ्या ताईनें तो २०१३ सालीं, शिवाजी विद्यापीठांत शिकत असतांना घेतला. पुढें ती नोकरीनिमित्त पुण्यास गेली, तेथें तिला नवा लॅपटॉप मिळाला, आणि हा आमच्या कपाटावर जुन्या अभ्र्यांत गुंडाळलेला पडून राहिला. मी यंदा दहावींत गेल्यावर तो खालीं काढला. परंतु त्याची चाल पाहून जीव मेटाकुटीस येई. कळ दाबून स्वयंपाकघरांत जावें, चहा घेऊन परत यावें, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असे. त्यांत भर अशी पडली कीं, त्याजवर जी विंडोज १० नांवाची प्रणाली होती, तिच्या फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्या. घरगुती वापर करणाऱ्यांस नांवनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देण्यांत आली खरी. पण मुदतवाढ म्हणजे कांहीं उपाय नव्हे. पुढील विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चिप व बऱ्याच अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या लॅपटॉपांत दोन्ही नव्हतीं. बाबांनीं नव्या लॅपटॉपाची किंमत विचारून पाहिली, आणि तो विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं.

तेव्हां मामांच्या वचनाची आठवण झाली. बिघडलेला भाग कोणता? ह्याचा विचार करूं लागल्यावर मला कळून आलें कीं, ज्यास आपण लॅपटॉप म्हणतों त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष यंत्र: प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, पडदा व कळफलक. दुसरी म्हणजे प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम असें म्हणतात. ही यंत्राचा कारभार पाहणारी कारभारीण होय. कोणत्या कामास किती रॅम द्यावी, कोणती फाइल डिस्कवर कोठें ठेवावी, दाबलेल्या कळेचें अक्षर पडद्यावर कसें उमटवावें, हें सर्व ती पाहते. तिसरी गोष्ट म्हणजे आपला स्वतःचा ऐवज: आपलें लेखन, छायाचित्रें, हिशेब व ध्वनिमुद्रणें. ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हें न ओळखल्यामुळेंच लोक एकीच्या दोषासाठीं दुसरी टाकून देतात, आणि कधीं कधीं तिसरी कायमची गमावून बसतात.

आमच्या लॅपटॉपांत ४ जीबी रॅम व ५०० जीबींची हार्ड डिस्क होती. यंत्र चालू होतांच, आम्हीं कांहींएक उघडलेलें नसतांना, प्रणाली स्वतःसाठींच दोन जीबींहून अधिक रॅम खर्च करीत होती. रॅम अपुरी पडली म्हणजे प्रणाली आपलें उरलेलें सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते. आणि जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकडीवर सुई हलवीत शोध घेणारें साधन, रॅमच्या मानानें फारच मंद. म्हणून तें चक्र फिरत राही. अर्थात् यंत्र बिघडलें नव्हतें. त्याजवर घातलेलें ओझें त्याच्या शक्तीबाहेर गेलें होतें. तेव्हां हलकी कारभारीण आणणें हा उपाय ठरला.

अशी एक प्रणाली विनामूल्य मिळते, तिचें नांव लिनक्स. हिचा इतिहास विद्यार्थ्यांस उत्तेजन देणारा आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थांनीं, प्रत्येकास वापरतां येईल, तपासतां येईल, सुधारतां येईल व दुसऱ्यास देतां येईल अशी मुक्त प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला; तिचें नांव ग्नू. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्या प्रणालीस लागणारा गाभा स्वतः लिहून लोकांस खुला केला. ह्या दोहोंच्या संयोगानें जी प्रणाली झाली, तिच्या आज अनेक शाखा आहेत. डेबियन ही १९९३ सालची शाखा. तिच्यापासून उबंटू निघाली, व उबंटूपासून लिनक्स मिंट. आपल्या देशांतहि सी-डॅक ह्या संस्थेनें, जिचें मुख्य ठाणें पुण्यास आहे, डेबियनच्या आधारानें बॉस नांवाची भारतीय प्रणाली तयार केली. आणि केरळ राज्यानें आपल्या सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीच रूढ केली आहे. आम्हीं लिनक्स मिंटची एक्सएफसीई नांवाची हलकी आवृत्ति निवडली. २०२४ च्या जुलैंत निघालेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत.

प्रथम यंत्राची पाहणी करावी. ह्या प्रणालीस निदान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास बरें. डिस्कवर निदान २० जीबी जागा हवी. आणि प्रोसेसर ६४ बिटांचा पाहिजे. ही माहिती विंडोजमध्यें सेटिंग्जमधील सिस्टीम ह्या भागांत लिहिलेली सांपडते. यंत्र फारच जुनें, म्हणजे ३२ बिटांचें असेल, तर ही आवृत्ति त्यावर चालणार नाहीं हें आधींच समजून असावें. दुसरी गोष्ट विजेची. जुन्या लॅपटॉपाची बॅटरी बहुधा मेलेली असते. तेव्हां काम चालू असतां वीज गेली तर प्रणाली अर्धवट बसून राहील. शेजारी इन्व्हर्टर असल्यास त्याच्याकडे जाऊन काम करणें शहाणपणाचें.

पाहणी झाल्यावर दुसरें काम, आपला ऐवज बाहेर काढून सुरक्षित ठेवणें. देवळाचा जीर्णोद्धार करितांना भिंतीस पहार लावण्यापूर्वीं मूर्ति दुसरीकडे हलवितात, तोच क्रम येथेंहि पाळावयाचा. शेजारच्या काकांची एक्स्टर्नल डिस्क मागून आणून मीं ताईचे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डेस्कटॉप हे तीन फोल्डर तिजवर उतरविले. मला वाटलें, काम झालें. तें झालें नव्हतें, हें पुढें कळून येईलच.

आतां पेनड्राइव्ह. तो निदान ४ जीबींचा असावा. ८ जीबींचा असल्यास उत्तम. त्याच्यावर प्रणाली उतरवितांना त्यांतील पूर्वीचें सर्व कांहीं पुसलें जातें, हें पक्कें लक्षांत ठेवावें. हें वाक्य मीं त्या कामापूर्वीं वाचलें होतें. तरीहि माझ्या हातून चूक झाली. टेबलाच्या खणांत दोन सारखे पेनड्राइव्ह होते. एक कोरा होता. दुसऱ्यांत आमच्या वर्गानें स्नेहसंमेलनांत केलेल्या नाटकाचीं छायाचित्रें होतीं. घाईंत दुसराच लावला. पडद्यावर सूचना आली कीं, ह्यावरील सर्व माहिती नष्ट होईल. अशा सूचना रोजच येतात अशा समजुतीनें मीं होकार दिला. दहा मिनिटांनीं चूक कळली तेव्हां उपाय उरला नव्हता. ज्या मित्रानें तीं छायाचित्रें घेतलीं होतीं, त्यानें आपल्या फोनवरून तीं केव्हांच पुसून टाकलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यास हें सांगतांना मला किती ओशाळें वाटलें तें सांगतां येत नाहीं. तो रागावला नाहीं. तो इतकेंच म्हणाला, "पुढच्या वेळीं आंत काय आहे तें उघडून बघ." ह्या एका वाक्यानें पुढें आमच्या घरावरील मोठा प्रसंग टळला.

पेनड्राइव्ह तयार करण्याची रीति अशी. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणालीची एक मोठी फाइल उतरवून घ्यावी. तिला आयएसओ फाइल म्हणतात व ती सुमारें ३ जीबींची असते. ती वाटेंत बिघडली नाहीं ना, हें पाहण्याची सोय आहे. संकेतस्थळावर त्या फाइलची ६४ अक्षरांकांची एक खूण दिलेली असते. आपल्या संगणकावर, विंडोजमधील सर्टयुटिल नांवाच्या आज्ञेनें, उतरविलेल्या फाइलची खूण काढावी व दोन्ही ताडून पाहाव्या. फाइलमध्यें एका बिंदूइतका जरी फरक पडला, तरी सगळी खूण बदलते. टपालानें आलेल्या पाकिटावरची लाखेची मोहोर पाहून घेण्यासारखेंच हें आहे.

नंतर ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती उचलून ठेवल्यानें भागत नाहीं. पुष्कळांची येथेंच फसगत होते. छापखान्यांत खिळ्यांची पेटी यंत्रावर ठेवल्यानें पान छापलें जात नाहीं. खिळे जुळवून, आवळून, फर्मा करावा लागतो, तेव्हां तो छापतो. तसेंच येथें आहे. यंत्र चालू होतांच त्यास जो मजकूर प्रथम वाचावयाचा असतो, तो पेनड्राइव्हवर ठराविक जागीं व ठराविक मांडणीनेंच असावा लागतो. ती मांडणी करण्यासाठीं रूफस किंवा एचर ह्या नांवाचीं विनामूल्य साधनें मिळतात. त्यांत आयएसओ फाइल निवडावी, पेनड्राइव्ह निवडावा, त्याचें नांव व आकार दोनदां वाचावा, आणि मगच आरंभ करावा. दहा-पंधरा मिनिटांत काम होतें.

ह्यापुढील पायरी, यंत्रास हार्ड डिस्क सोडून पेनड्राइव्हवरून जागें करणें. लॅपटॉपाची कळ दाबतांच प्रथम प्रणाली जागी होत नाहीं. यंत्रांतच एका चिपेवर कायम कोरलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस व नव्यांत यूईएफआय म्हणतात. हा देवडीवरचा पहारेकरी. तो रॅम, कळफलक वगैरे हजर आहेत कीं नाहींत हें पाहतो, आणि मग त्यास नेमून दिलेल्या क्रमानें प्रणालीचा शोध करितो. त्याच्या यादींत बहुधा हार्ड डिस्क पहिली असते. आपणांस त्यास सांगावयाचें असतें कीं, आज पेनड्राइव्हकडे आधीं जा. ह्यासाठीं लॅपटॉप पूर्णपणें बंद करावा. विंडोजमध्यें शिफ्ट कळ धरून शट डाउन केल्यास तो खरोखर बंद होतो. एरवीं तो अर्धवट निजलेला असतो. मग पेनड्राइव्ह लावून कळ दाबावी, आणि लगेच निवडीची कळ टपटप दाबीत राहावें. डेल व लेनोव्हो यांच्या लॅपटॉपांवर ती बहुधा एफ १२ असते, एचपीवर एफ ९, आसूसवर एस्केप. पडद्यावर यादी आली कीं पेनड्राइव्हचें नांव निवडावें. आम्हांस हें तिसऱ्या प्रयत्नांत साधलें. दोन वेळां आमचें बोट उशिरा पडलें.

आतां जो पडदा उघडतो तो नव्या प्रणालीचाच असतो. परंतु ती अजून हार्ड डिस्कवर उतरलेली नसते. पेनड्राइव्ह व रॅम यांच्या आधारानें ती तात्पुरती चालत असते. घर विकत घेण्यापूर्वीं त्यांत चार दिवस राहून पाहावें, तशी ही सोय आहे. वाय-फाय जोडलें जातें कीं नाहीं, आवाज येतो कीं नाहीं, कळफलकावरील सर्व कळा चालतात कीं नाहींत, हें सर्व येथेंच पाहून घ्यावें. कांहीं जुन्या लॅपटॉपांचें वाय-फाय सुरुवातीस चालत नाहीं. त्या वेळीं फोन वायरीनें जोडून त्याचें इंटरनेट वापरावें व लागणारा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. कांहींच जमलें नाहीं तर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हां चालू करावा; जुनी प्रणाली होती तशीच उभी राहते.

आमच्याकडे सर्व ठीक चाललें. मग पडद्यावरील इन्स्टॉल ह्या चित्रावर टिचकी मारली. माझा एक वर्गमित्र मदतीस आला होता. भाषा, कळफलक हे प्रश्न झाल्यावर तो महत्त्वाचा प्रश्न आला: जुन्या प्रणालीच्या शेजारीं ही बसवावयाची, कीं सगळी डिस्क पुसून ही एकटीच बसवावयाची? आम्हांस विंडोज नको होती, म्हणून आम्हीं दुसरा मार्ग निवडला. मी जरा घुटमळलों, तेव्हां मित्र म्हणाला, "अरे, भितोस कशाला? सी मधलें तूं काढलेंसच. बाकी ताईचें सगळें डी मध्यें आहे, त्यास काय होतें?" मलाहि तेंच वाटत होतें. सी हें प्रणालीचें घर व डी ही वेगळी तिजोरी, अशी आमच्याकडे सर्वांचीच समजूत असते. बाजारांत ज्यास 'फॉरमॅट मारणें' म्हणतात, तें करणारे कारागीर बहुधा सी एवढेंच पुसतात, म्हणून ती समजूत पक्की झालेली.

परंतु त्या क्षणीं मला तो पेनड्राइव्ह आठवला. आंत काय आहे तें उघडून बघ. मीं मागें जाण्याचें बटण दाबलें व डिस्कचें चित्र नीट पाहिलें. तेथें सी नव्हती व डी नव्हती. ५०० जीबींची एकच डिस्क, तिचें नांव एसडीए. आणि तिच्याच एका लांब पट्टीचे एसडीए १, एसडीए २ असे रंगीत तुकडे पाडलेले. तेव्हां उलगडा झाला. सी व डी ह्या दोन पेट्या नव्हत. एकाच पेटींत मध्यें फळी घालून केलेले ते दोन कप्पे. 'सगळी डिस्क पुसा' म्हटलें कीं फळीसकट दोन्ही कप्पे जातात.

तात्पुरत्या प्रणालींतूनच जुनी डिस्क उघडून वाचतां येते. मीं तो मोठा तुकडा उघडला. त्यांत ताईच्या अभ्यासाच्या फाइली होत्या, कांहीं सिनेमे होते, आणि एका फोल्डराचें नांव होतें 'आजी'. आंत एकेचाळीस ध्वनिमुद्रणें होतीं. २०१४ च्या मे महिन्यांत ताई पन्हाळ्याच्या बाजूस आमच्या गांवीं गेली असतां, आजी जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणत असे त्या तिनें एक एक करून मुद्रित केल्या होत्या. आजी २०१८ सालीं गेली. ह्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. ताईसहि तीं ह्या लॅपटॉपांत राहिलीं असल्याचा विसर पडला होता. मीं त्यांतील एक लावलें. आधीं जात्याची घरघर, मग आजीचा आवाज. स्वयंपाकघरांतून आई हात पुसत बाहेर आली आणि दारांतच उभी राहिली. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमचें बोट त्या बटणापासून एका टिचकीच्या अंतरावर होतें, हें मीं तिला पुष्कळ दिवसांनीं सांगितलें.

त्या रात्रीं आम्हीं प्रणाली बसविलीच नाहीं. डी मधील सर्व कांहीं काकांच्या डिस्कवर उतरविलें, 'आजी' हा फोल्डर बाबांच्या फोनवर व ताईकडे पुण्यासहि पाठविला, आणि उतरविलेल्या प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून, वाजवून पाहिल्या. प्रत घेतली एवढ्यानें भागत नाहीं. ती उघडते हें पाहिल्यावरच ती प्रत म्हणावी. मामांस ही हकीगत सांगितली तेव्हां ते म्हणाले, "आम्ही इंजिन उघडतों तेव्हां निघालेला प्रत्येक नटबोल्ट आधीं डब्यांत मोजून ठेवतों. हातोडा मागाहून."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेलें काम सुमारें अर्ध्या तासांत आटोपलें. ज्या डिस्कवर प्रणाली बसवावयाची तिचा आकार पुन्हां पाहिला: ५०० जीबींची ती हार्ड डिस्क, ८ जीबींचा तो पेनड्राइव्ह. वेळेच्या पट्ट्यासाठीं कोलकाता निवडलें, कारण सर्व भारताची वेळ त्याच नांवानें नोंदलेली असते. वापरणाऱ्याचें नांव व परवलीचा शब्द दिला. हा शब्द विसरूं नये, पुढें नवीन कार्यक्रम बसवितांना तो वारंवार विचारला जातो. मग फाइली उतरण्याची पट्टी पुढें सरकत राहिली. शेवटीं पेनड्राइव्ह काढण्याची सूचना आली, तो काढला, व लॅपटॉप पुन्हां चालू झाला. तीच कळ दाबून स्वयंपाकघरांत चहासाठीं गेलेला माझा धाकटा भाऊ कप भरून येण्याच्या आंत पडदा तयार होता. पहिलें काम म्हणून अपडेट मॅनेजर उघडून सर्व दुरुस्त्या घेतल्या. पुढें सवड होईल तेव्हां जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसवावयाची आहे. ती तबकडीशिवाय चालते, म्हणून वेग आणखी वाढतो.

ह्या प्रणालीवर मराठी लिहिण्याची सोय उत्तम आहे. कळफलकाच्या सेटिंग्जमध्यें मराठी जोडलें कीं इन्स्क्रिप्ट ही मांडणी मिळते. ही भारतीय लिप्यांसाठीं १९८६ सालीं ठरविण्यांत आली. तींत स्वर व मात्रा डाव्या हातास, बहुतेक व्यंजनें उजव्या हातास, अशी सोपी व्यवस्था आहे. लिहिण्यासाठीं लिब्रेऑफिस प्रणालीबरोबरच येतें. प्रारंभीं अडचण आल्यास मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल ह्या उपक्रमाचे लिनक्सविषयींचे पाठ मराठींतूनहि ऐकावयास मिळतात.

तथापि अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. केवळ विंडोजसाठीं लिहिलेले कार्यक्रम येथें जसेच्या तसे चालत नाहींत. ज्यांच्या घरीं टॅलीवर हिशेब ठेवितात त्यांनीं विंडोज काढूं नये, किंवा दोन्ही प्रणाली शेजारीं शेजारीं ठेवाव्या. दुसरी अडचण खास आपली. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत लिहिलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, तर देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांची भेसूर खिचडी दिसते. ताईचा एक निबंध असाच दिसला. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याचें युनिकोडांत रूपांतर करून घ्यावें लागतें. तें काम जुनी प्रणाली पुसण्याच्या आधीं केल्यास पुष्कळ त्रास वांचतो.

हा लेख लिहितांना माझ्या मनांत एकच गोष्ट सांगावयाची आहे. यंत्र गेलें तर तें पैसे सांठवून पुन्हां घेतां येतें. प्रणाली गेली तर ती त्याच पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासांत पुन्हां बसवितां येते. आपला ऐवज गेला तर तो मात्र कोठल्याहि बाजारांत मिळत नाहीं. ह्यास्तव ज्यांच्या घरीं कपाटावर एखादा जुना लॅपटॉप पडला असेल, त्यांनीं तो अवश्य खालीं काढावा, आणि हात लावण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक कप्पा उघडून पाहावा. तेथें काय सांपडेल हें घरच्या माणसांसहि बहुधा ठाऊक नसतें. आमच्या लॅपटॉपावर मी आतां रोज अभ्यास करितों. रविवारीं दुपारीं मात्र तो माझ्या हातीं नसतो. त्या वेळीं आई तो घेऊन बसते, आणि माजघरांत जात्याची घरघर ऐकूं येते.